एक खुर्ची, सहा नावं : २६ नोव्हेंबर १९४५ची एक नोंद

ध्वनिमुद्रणाची तारीख २६ नोव्हेंबर १९४५, गाव न्यूयॉर्क, रेकॉर्ड कंपनी सॅव्हॉय, प्रमुख कलाकार जॅझचा सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर. एवढं शाईने लिहिलेलं. पियानोच्या रकान्यात ‘जे. फोरमन’, त्याच्या डोक्यावर पेन्सिलीने ‘पॉवेल?’ आणि समासात बारीक अक्षरात ‘की डिझी स्वतः?’. नोंदवही भुसावळची. या एका ओळीचं काय करायचं यावर आमच्या जळगावच्या श्रोतेमंडळात बराच काळ खल झाला. त्याचीच ही हकीकत, सविस्तर.

नोंदवहीचे मालक रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले. आता ते नाहीत. घरच्यांनी वही, रेकॉर्ड आणि कॅसेटची ट्रंक आमच्याकडे सोपवली, ती नीट लावून, स्कॅन करून परत द्यायच्या बोलीवर. भुसावळला जॅझ कुठून आलं, असं जळगावातले लोकसुद्धा विचारतात. रेल्वे कॉलनीतली अँग्लो-इंडियन घरं, इन्स्टिट्यूटमधले नाच आणि रात्रीच्या गाडीने सकाळी गाठता येणारी मुंबई, हे उत्तर पुरेसं आहे. त्या मुंबईत १९३०च्या दशकाच्या मध्यावर ताजमध्ये लिऑन ॲबीचा बँड आला, मग क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफर्ड. हा वेदरफर्ड १९२६ साली शिकागोत अर्स्किन टेटच्या वाद्यवृंदात लुई आर्मस्ट्राँगसोबत रेकॉर्डवर वाजलेला माणूस. १९४५ साली कलकत्त्यात कॉलऱ्याने गेला. गार्डसाहेबांनी त्याच्यासाठी स्वतंत्र पानं ठेवली आहेत, पण तो विषय पुन्हा कधी.

त्यांची साधनं तिथून पुढच्या काळातली. शॉर्टवेव्हवर व्हॉइस ऑफ अमेरिकेचा जॅझचा कार्यक्रम १९५५पासून लागायचा. निवेदक विलिस कॉनोव्हर, सावकाश, एकेक अक्षर सुटं करून बोलणारा. ऐकत ऐकत लिहून घेता येईल अशी ती इंग्रजी होती आणि वहीतली पुष्कळ नावं तशीच, कानाने उतरवलेली, देवनागरीत आहेत. त्यात नंतर एलपींच्या पाठीवरचा मजकूर मिसळला, मित्रांनी भरून दिलेल्या कॅसेटींवरच्या चिठ्ठ्या मिसळल्या. कोणती माहिती कुठून आली, हे मात्र वहीत कुठेच नाही. प्रकरणाचं मूळ दुखणं हेच.

जॅझमध्ये अशा याद्यांना एवढं महत्त्व का, हे थोडक्यात सांगायला हवं. कागदावरची रचना तिथे निमित्तापुरती असते. त्या दिवशी त्या खोलीत कोण होतं आणि त्याने त्या तीन मिनिटांत काय केलं, हाच खरा ऐवज. एकाच गाण्याच्या सलग दोन टेकमध्ये, म्हणजे लागोपाठच्या दोन ध्वनिमुद्रणांत, सोलो अख्खा बदललेला असतो. म्हणून डिस्कोग्राफीत, म्हणजे ध्वनिमुद्रणांच्या यादीत, तारीख, जागा, वादक आणि वाद्यं, प्रत्येक गाण्याचा मॅट्रिक्स क्रमांक (तबकडीच्या मधल्या मोकळ्या भागात कोरलेला असतो तो), टेकचा क्रमांक आणि तो टेक पुढे कुठल्या कुठल्या रेकॉर्डवर निघाला, एवढं सगळं लागतं. फ्रान्सच्या शार्ल देलोनेने १९३६ साली अशी यादी पुस्तकरूपाने छापली. पुढे ब्रायन रस्टने १८९७ ते १९४२पर्यंतचा काळ विंचरून काढला, टॉम लॉर्डने संपूर्ण जॅझ कवेत घ्यायचा घाट घातला. आपल्याकडच्या जुन्या तबकड्यांवर तबलजीचं किंवा पेटीवाल्याचं नाव शोधून पाहा, म्हणजे या लोकांनी काय केलं ते कळेल. गौहर जान यांनी १९०२ सालच्या रेकॉर्डच्या शेवटी स्वतःचं नाव पुकारलं, कारण तबकडी जर्मनीत दाबली जाणार होती आणि तिथल्या माणसाला लेबलवर काय छापायचं ते कळायला हवं होतं. पार्करच्या सत्रात असं कोणी नाव पुकारलं नाही.

पुकारलं असतं तरी कोणतं, हा प्रश्न होताच.

नावं कुठून आली

वहीतली तीन नावं आणि इतर याद्यांतली मिळून पियानोच्या त्या एका खुर्चीवर आमच्याकडे सहा नावं गोळा झाली. मंडळात धुळ्याकडचे एक निवृत्त तलाठी आहेत, त्यांना आम्ही सगळे भाऊसाहेबच म्हणतो. सहा नावं ऐकून ते म्हणाले, “खुर्ची एक शे, बसनारा कितला शेतस?” आणि मग त्यांनी कागद पुढे ओढला.

पहिलं नाव हेन गेट्स. मूळ तबकडीच्या काळात पियानोवादक म्हणून हेच जाहीर झालं. हे ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पीचं टोपणनाव. त्याचा करार दुसऱ्या कंपनीशी होता, त्यामुळे सॅव्हॉयच्या लेबलवर त्याचं नाव छापता येत नव्हतं. त्या धंद्यात ही रीतच होती. स्वतः पार्कर १९५३ साली टोरोंटोच्या मॅसी हॉलमधल्या मैफलीच्या रेकॉर्डवर ‘चार्ली चॅन’ म्हणून आला.

दुसरं नाव जेम्स फोरमन, वहीत शाईने लिहिलेलं. हा खराखुरा पियानोवादक, १९४०च्या दशकाच्या उत्तरार्धात गिलेस्पीच्या मोठ्या वाद्यवृंदात होता आणि मित्रमंडळीत त्याला म्हणत हेन गेट्स! गार्डसाहेबांनी नेमकं काय केलं असेल, ते डोळ्यांसमोर येतं. लेबलवरच्या नावाचा अर्थ लावायचा म्हणून त्यांनी शोध घेतला, शोधात खरा हेन गेट्स सापडला आणि रकाना भरला. मेहनती माणसाच्या हातूनच अशी चूक होते. आळशी माणसाने लेबलवरचं नाव जसंच्या तसं उतरवलं असतं आणि तो सत्याच्या जास्त जवळ राहिला असता.

तिसरं नाव बड पॉवेल. पियानोवर तोच असायचा होता; पण त्या सत्रातला ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस याच्या सांगण्यानुसार तो आईबरोबर फिलाडेल्फियाला घर बघायला गेला होता. पुढे ८ मे १९४७च्या सॅव्हॉयच्याच सत्रात पार्कर, माइल्स आणि मॅक्स रोच यांच्यासोबत पॉवेल खरोखर वाजला. कंपनी तीच, माणसं बरीचशी तीच, त्यामुळे ते नाव दीड वर्ष मागे सरकून चिकटायला वेळ लागत नाही. पेन्सिलीतलं प्रश्नचिन्ह गार्डसाहेबांच्या खात्यात जमा धरायला हवं.

चौथं आर्गॉन थॉर्नटन आणि पाचवं सादिक हकीम. हा एकच माणूस. थॉर्नटनने नंतर नाव बदललं. एका जुन्या यादीत एक नाव, दुसऱ्या नव्या यादीत दुसरं आणि दोन्ही याद्या समोर ठेवून तिसरी करणारा बिनदिक्कत दोन पियानोवादक लिहून मोकळा. सहावा डिझी गिलेस्पी, म्हणजे परत पहिलाच.

एवढं मांडून झाल्यावर सहाची दोन माणसं उरली : गिलेस्पी आणि थॉर्नटन. हा टप्पा सोपा होता, आणि इथे थांबायचा मोह खूप जणांना होतो. ‘पियानो : गिलेस्पी, हकीम’ असं लिहून पुढच्या पानावर जाता येतं. पण सत्रात गाणी एकाहून जास्त. कुठल्या गाण्यात कोण, हे सांगितल्याशिवाय त्या ओळीला अर्थ नाही.

कान किती पुरतात

अधिकृत मॅट्रिक्स चार आहेत. एस ५८५० ‘बिलीज बाउन्स’, पाच टेक. एस ५८५१ ‘नाऊज द टाइम’, चार टेक. एस ५८५२ ‘थ्रायव्हिंग ऑन अ रिफ’, तीन. एस ५८५३ ‘को को’, दोन. शिवाय ‘वॉर्मिंग अप अ रिफ’ आणि ‘मीअँडरिंग’ ही मधल्या वेळातली वाजवणी. पहिल्या दोन्हींत पियानो गिलेस्पीचा, ‘थ्रायव्हिंग’मध्ये थॉर्नटनचा, यावर आजच्या बहुतेक याद्या एकमताच्या आहेत. अडतं ते ‘को को’पाशी.

या गाण्याची बांधणी समजली तर वाद समजतो. ‘चेरोकी’ या रे नोबलच्या गाण्याचा स्वरसाज, म्हणजे चालीमागचे कॉर्ड, घेऊन त्यावर नवं बेतलेलं. सुरुवातीला बत्तीस मात्राखंडांची प्रस्तावना, त्यात आल्टो सॅक्सोफोन आणि ट्रम्पेट, आधी एकत्र, मग आळीपाळीने, मग पुन्हा एकत्र. तिथे पियानो नाही. पहिल्या टेकमध्ये प्रस्तावनेनंतर ‘चेरोकी’ची मूळ चालच सुरू होते आणि वाजवणं मधेच थांबवलं जातं. मूळ चाल वाजली की रॉयल्टी आली, आणि ती द्यायला कंपनी तयार नव्हती, असं सांगतात. दुसऱ्या टेकमध्ये प्रस्तावना संपली की थेट पार्करचा सोलो, दोन आवर्तनं, मिनिटाला तीनशे ठोक्यांच्या आसपास. मग मॅक्स रोचचे ड्रम्स, मग प्रस्तावनेसारखाच शेवट.

ट्रम्पेट कोणाची, हा प्रश्न सुटलेला आहे. माइल्स तेव्हा एकोणीस वर्षांचा, ती प्रस्तावना आपल्या आवाक्यात नव्हती हे त्याने स्वतः पुढे आत्मचरित्रात सांगितलं. ती डिझीने वाजवली. म्हणजे डिझी प्रस्तावनेत ट्रम्पेटवर, पार्करच्या सोलोमागे पियानो ऐकू येतो, आणि शेवटी डिझी परत ट्रम्पेटवर. ड्रम्सच्या सोलोत त्याला परत यायला वेळ आहे. पण जाताना? प्रस्तावनेचा शेवटचा सूर आणि सोलोचा पहिला सूर यांच्यात पळून खुर्ची गाठण्याइतकी जागा नाही. अर्थात, पहिल्याच ठोक्याला पियानो पडलाच पाहिजे असंही नाही.

इथे आमच्यातल्या मास्तरांनी काम हातात घेतलं. ते अमळनेरच्या एका शाळेत संगीत शिकवत आणि पेटीवर हात उत्तम. ट्रंकेतली कॅसेट लावली तर गाणं बी फ्लॅटमध्ये असायला हवं ते वर चढलेलं. वेग साधारण सहा टक्के वाढला की सगळं अर्ध्या स्वराने वर जातं, हा हिशोब कोणत्याही जुन्या ध्वनिमुद्रणाला लावावा लागतो. त्यात भुसावळचा मे महिना, पंचेचाळीसच्या वर पारा आणि पत्र्याची ट्रंक. कॅसेट बाजूला ठेवली. १९५६ साली सॅव्हॉयने हे पूर्ण सत्र, सगळ्या टेकसकट, एका एलपीवर काढलं होतं. त्यावरून पुढे आलेली स्वच्छ प्रत घेतली आणि स्वर न बदलता वेग निम्मा केला.

मास्तरांची अट एक : नाव सांगायचं नाही. चारही गाण्यांतले पियानोचे तुकडे कापून, उलटसुलट लावून ऐकवायचे. ‘थ्रायव्हिंग’मधला पियानोचा सोलो सगळ्यांनी ओळखला, तो इतका तिरकस आहे की एकदा ऐकल्यावर विसरत नाही. पण ‘को को’त पियानोला सोलोच नाही. जोडून पाहायचं कशाशी? मागून विरळ, दबलेले स्वरसमूह येतात, तेवढेच. कोणी म्हणालं हे डिझीसारखं, कोणी म्हणालं छे, आणि दुसऱ्या फेरीत तीच माणसं उलट बोलली. मास्तरांनी निकाल सांगितला : “या तुकड्यावरून मी शपथेवर काही सांगणार नाही.” मला हे त्यांचं बोलणं फार मोलाचं वाटलं. कानावर विश्वास असलेल्या माणसाने कानाची हद्द सांगणं सहसा घडत नाही. जॅझच्या याद्यांत ‘ऐकून खात्री पटते’ या एका वाक्यावर किती नावं चढली आणि उतरली याला गणती नाही.

माणसांच्या आठवणींचंही तसंच. हकीमने पुढे आपण त्या सत्रात वाजवल्याचं सांगितलं. डिझी पियानोवर बसला होता, हेही तिथे असलेल्यांनी सांगितलं. दोन्ही खरं असू शकतं, एकाच गाण्यातसुद्धा. शिवाय थॉर्नटनकडे न्यूयॉर्कच्या वादक संघटनेचं कार्ड नव्हतं असं म्हटलं जातं. ते खरं धरलं, तर कागदोपत्री त्याचं नाव न येण्याला कारण आहे, आणि कागदावर नाव नाही म्हणून माणूस तिथे नव्हता असं म्हणायची सोय उरत नाही.

भाऊसाहेबांचा तोडगा

वही संगणकावर चढवण्याचं काम अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थ्याकडे होतं. त्याचं म्हणणं सरळ : एका रकान्यात एकच नाव पाहिजे, नाही तर शोध चालत नाही, वादकानुसार यादी निघत नाही. मोठ्या याद्यांमध्ये जे बहुमत असेल ते टाका. ऐकायला व्यवहारी वाटतं, पण याद्यांचं बहुमत मोजणं म्हणजे बऱ्याचदा एकाच यादीच्या नकला मोजणं. दहा ठिकाणी एकच नाव दिसलं तरी त्यातल्या नऊ जणांनी पहिल्याचंच उतरवलेलं असू शकतं.

भाऊसाहेबांनी तेव्हा सातबाऱ्याची गोष्ट काढली. माणूस गेला म्हणून त्याचं नाव कोणी खोडून टाकत नाही. नावाला कंस होतो, शेजारी फेरफार क्रमांक पडतो, आणि तो क्रमांक घेऊन गाव नमुना सहाच्या वहीत गेलं की कोणी अर्ज दिला, कुठला कागद दाखवला, सगळं सापडतं. मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित करेपर्यंत जुन्या काळी नोंद पेन्सिलीतच राहायची, मग शाई. आणि कोणी हरकत घेतली तर प्रकरण सहा-अ मध्ये, तक्रारी नोंदींच्या वहीत. “तुमच्या गार्डसाहेबांनी पेन्सिल वापरली,” ते म्हणाले, “म्हणजे त्यांना अर्धं तलाठीपण कळत होतं. फक्त फेरफारची वही ठेवली नाही.”

विद्यार्थी आधी हसला, मग त्याने रात्रीतून तक्ता बदलला. प्रत्येक नावाला स्वतःची ओळ, प्रत्येक ओळीला क्रमांक. आधार कुठला (लेबल, कंपनीचा कागद, वादकाचं सांगणं, कान, दुसऱ्याची यादी) यासाठी एक रकाना. आणि स्थिती : शाई, पेन्सिल किंवा कंस. त्याचा शोधही चालला, कारण शोध आता ओळींवर चालतो. माझी एकच भर होती : ‘दुसऱ्याची यादी’ हा आधार असेल तर ती नोंद कधीच शाईत जायची नाही. यावर थोडी कुरकुर झाली, कारण या नियमाने वहीतली पुष्कळ पानं पेन्सिलीत उतरतात. उतरू देत.

सत्राची नोंद शेवटी अशी झाली :

चार्ली पार्कर (आल्टो सॅक्सोफोन), माइल्स डेव्हिस (ट्रम्पेट, ‘को को’ वगळून), डिझी गिलेस्पी (‘को को’मध्ये ट्रम्पेट, पियानो, लेबलवर ‘हेन गेट्स’), सादिक हकीम, तेव्हाचं नाव आर्गॉन थॉर्नटन (पियानो), कर्ली रसेल (बेस), मॅक्स रोच (ड्रम्स). डब्ल्यूओआर स्टुडिओ, न्यूयॉर्क, २६ नोव्हेंबर १९४५.
एस ५८५०, एस ५८५१ : पियानो गिलेस्पी. पेन्सिल.
एस ५८५२ : पियानो हकीम. पेन्सिल.
एस ५८५३ : पियानो गिलेस्पी, हकीम किंवा दोघेही. सहा-अ, क्रमांक एक.
कंसात : जेम्स फोरमन (टोपणनावाच्या साम्यामुळे), बड पॉवेल (ठरलेला, पण गैरहजर).

माझा स्वतःचा कल ‘दोघेही’कडे आहे. थांबलेल्या पहिल्या टेकनंतर घाईत दुसरा घेताना कोण कुठे बसलं याचा विचार त्या खोलीत कोणीच केला नसणार, असं वाटतं. पण कल हा आधाराच्या रकान्यात बसत नाही, म्हणून तो तिथे नाही.

कंसातली दोन नावं काढून टाकावीत असं मंडळातल्या एकाने सुचवलं होतं, उगाच गोंधळ नको म्हणून. ती ठेवली. उद्या कोणाला एखाद्या जुन्या यादीत फोरमनचं नाव दिसेल आणि तो आम्हाला कळवेल की तुमच्याकडे एक वादक राहिला. त्याला उत्तर वहीतच मिळायला हवं.

याच ओळीत आणखी एक लहान दुरुस्ती झाली. ‘को को’च्या रचनाकाराच्या रकान्यात ड्यूक एलिंग्टन होता. एलिंग्टनचं ‘को-को’ ६ मार्च १९४० रोजी शिकागोत व्हिक्टर कंपनीसाठी झालेलं, पूर्णपणे वेगळं गाणं. नावापलीकडे या दोहोंचा संबंध नाही. कंस, फेरफार, पुढे.

मूळ वही स्कॅन करून भुसावळला परत गेली. आम्ही तिच्यात एक अक्षर लिहिलं नाही, पेन्सिलीनेसुद्धा. आता ८ मे १९४७चं सत्र हातात आहे. तिथे पियानोवर बड पॉवेल, काही वाद नाही. वाद ‘डोना ली’च्या रचनाकाराचा आहे : लेबलवर पार्कर, आणि माइल्सचं म्हणणं की चाल आपली. भाऊसाहेबांनी त्याला सहा-अ, क्रमांक दोन देऊन ठेवला आहे.